मदत हवी आहे: उद्या मंगळवार, संभाजीनगरात झड, सहा जणं. कुठं जावं?

नांदेडहून आम्ही दोघं आणि मित्रांच्या दोन जोड्या रविवारी आलोत. पाणचक्की कालच झाली. आज सकाळपासून जी झड लागली, ती थांबायचं नाव नाही. तरी छत्र्या घेऊन बीबी का मकबऱ्यात गेलो. ओल्या फरशीवर बायकोच्या मैत्रिणीचा पाय सटकला अन् गुडघा टम्म सुजला. डॉक्टरला दाखवलं, हाड शाबूत आहे, पण पायऱ्या चढायच्या नाहीत. म्हणजे दौलताबाद बाद. वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठा उघडा, पण शंभरेक किलोमीटर अन् वर परत पायऱ्याच.

मॉल सुचवू नका, ते आमच्याकडंही आहेत. नान-खलिया चौघांनी आजच हाणला, उरलेले दोघं शाकाहारी. सात सीटची गाडी दिवसभर आहे, रात्री नऊला परतीची रेल्वे.

बायकांना हिमरू नाहीतर पैठणी मागावर विणताना बघायचीय, नुसतं दुकान नको. आज दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही शालीच पुढं टाकल्या. गाडी दारापर्यंत जाईल अन् मंगळवारी माग चालू असेल, असं शहरात कुठं आहे का? की या पावसात सरळ पैठणच गाठावं?