बर्नी कस्टिसला कॅनडाने संधी दिली, की अर्धीच दिली?

तिसरा_डाऊन (धागाकर्ता):
कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये २०१९ पासून बर्नी कस्टिस या काळ्या फुटबॉलपटूच्या नावाची शाळा आहे (फुटबॉल म्हणजे इथे चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन-कॅनेडियन प्रकार). गावात त्याची गोष्ट एकाच सुरात सांगतात: अमेरिकेने नाकारलं, आपण उचलून धरलं. मला हे फार सोयीचं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बर्नी हा अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा आणि पास फेकणारा. १९५१ मध्ये एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला निवडलं, पण प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना तो मागे राहून बचाव करायला हवा होता. काळ्या माणसाच्या हाती संघ द्यायची तिथे कोणाची तयारी नव्हती. मला मोकळं करा, असं बर्नी म्हणाला. केलं, पण जायचं तर कॅनडातच, या अटीवर. मग तो हॅमिल्टन टायगर-कॅट्सकडे आला, १९५१ च्या मोसमात प्रत्येक सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि लीगच्या ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडला गेला. संघाने १२ पैकी ७ सामने जिंकले.

आणि १९५२ मध्ये त्याला रनिंग बॅक केलं, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. सलामीला येऊन शतक ठोकणाऱ्याला पुढच्या वर्षी सातव्या नंबरवर पाठवावं, तसं. याला संधी म्हणायचं?

बर्लिंग्टनचा_बाळ्या:
म्हणायचं. साल बघ ना. एनएफएलमध्ये विली थ्रोवर शिकागोकडून क्वार्टरबॅक म्हणून उतरला तो १९५३ मध्ये, तोही मोजके पास फेकण्यापुरता. काळ्या खेळाडूला सबंध मोसम संघ चालवायला देणारं हॅमिल्टन त्याच्या दोन वर्षं आधीचं. त्याच १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमात जॉनी ब्राइट या काळ्या खेळाडूचा जबडा मैदानावर मुद्दाम फोडला गेला. फिलाडेल्फियाने त्याला पहिल्या फेरीत निवडलं होतं, तरी तो कॅनडात कॅलगरीला गेला. ही माणसं वेडी होती का इकडे यायला?

तिसरा_डाऊन:
तिकडे वाईट होतं यावर वाद नाहीच. माझा प्रश्न इकडचा आहे. अमेरिकेच्या शेजारी उभं राहिलं की कोणीही उंच दिसतं. बर्नीच्या जागी कोण आलं? आधी बिल मॅकराइड्स, मग बुच साँगिन. दोघेही अमेरिकन, दोघेही गोरे. म्हणजे 'कॅनडाचा मुलगा तयार करायचा होता' हेही कारण नव्हतं.

जुना_खेळगडी:
साँगिनचं नाव असं हिणवून घेऊ नका. १९५३ चा ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉलचं अजिंक्यपद, हॅमिल्टनने विनिपेगला १२-६ ने हरवून जिंकला, तो साँगिनने व्हिटो रगाझोला टाकलेल्या लांब पासवर. त्याच संघात बर्नी रनिंग बॅक होता. १९५४ ला त्या जागेवरही तो ऑल-स्टार. कार्ल व्हॉइल्स प्रशिक्षक होते, त्यांना कप हवा होता आणि तो त्यांनी आणला. शिवाय अमेरिकन खेळाडू किती घ्यायचे यावर इथे मर्यादा होती. त्या मोजक्या जागांत जो पळूही शकतो त्याला पळवणार, आणि ज्याला फक्त फेकता येतं त्याच्याकडून फेकून घेणार. यात रंग शोधायलाच हवा का?

(समोर विनिपेगचा क्वार्टरबॅक जॅक जेकब्स होता, ओक्लाहोमाचा, मूळनिवासी क्रीक जमातीतला. त्याच्यावर कोणीतरी स्वतंत्र धागा काढा.)

तिसरा_डाऊन:
काका, 'इतका चांगला पळतो की फेकायला कशाला ठेवा' हाच तर्क पुढे वीस-पंचवीस वर्षं काळ्या क्वार्टरबॅकना ऐकवला गेला. व्हॉइल्स यांच्या मनात काय होतं ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. पण निर्णय पॉल ब्राउन यांच्यासारखाच निघाला, फक्त एक वर्ष उशिरा.

सुलभा_ओकव्हिल:
तुम्ही सगळे १९५१-५२ मध्येच अडकलात. खेळणं संपल्यावर कस्टिस यांनी शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक झाले. शेरिडन कॉलेजच्या संघाला विजेतेपदं मिळवून दिली. १९८२ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठात गेले आणि पहिल्याच वर्षी देशातले सर्वोत्तम विद्यापीठ प्रशिक्षक ठरले. शाळेला नाव दिलं ते या माणसाचं. एका मोसमातल्या क्वार्टरबॅकचं नव्हे.

तिसरा_डाऊन:
ताई, मान्य. पण १९९८ मध्ये कॅनडाच्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (सन्मान यादीत) घेतलं ते कोणत्या गटात? 'बिल्डर', म्हणजे खेळ घडवणारे. खेळाडू म्हणून नाही. आधी जागा काढून घ्यायची, मग खेळाडूंच्या यादीत नाव नाही, आणि वर शाल-श्रीफळ.

बर्लिंग्टनचा_बाळ्या:
शाल-श्रीफळ काय! दार उघडलं ते उघडलंच. १९६२ मध्ये काळा क्वार्टरबॅक सँडी स्टीव्हन्स माँट्रियलला आला. १९७२ मध्ये चक ईली: टोलेडो विद्यापीठात ३५ सामने, ३५ विजय, आणि एनएफएलने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्याला घेतलंच नाही, कारण तो क्वार्टरबॅकच राहणार म्हणाला. हॅमिल्टनने घेतला आणि पहिल्याच वर्षी घरच्या मैदानावर ग्रे कप. मग वॉरन मून, एडमंटन, सलग पाच कप. हे सगळं बर्नीशिवाय?

तिसरा_डाऊन:
हॅमिल्टनपुरतं बोल. बर्नी १९५१, ईली १९७२. मधली एकवीस वर्षं उघड्या दारातून वारा येत होता का?

जुना_खेळगडी:
बरं, तू व्हॉइल्सच्या जागी आहेस. १९५२ चा पहिला सामना. चेंडू कोणाच्या हातात देतोस?

तिसरा_डाऊन:
बर्नीच्या. वाईट खेळला असता तर चार सामन्यांनी बसवला असता, जसं गोऱ्यांना बसवायचे. ऑल-स्टार झाल्यावर नव्हे.