विषय: मुंबईत धाकट्या भावाची पहिली मीटिंग

नमस्कार मंडळी,

घरातली गोष्ट सगळ्यांसमोर लिहिताना हात अडखळतोय. माझा धाकटा भाऊ लालबागला असतो, वय ४४. दारूपायी नोकरी गेली. गेल्या गुरुवारी स्वतःहून दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला गेला आणि जिन्यावरूनच परत आला. जागा चर्चच्या आवारातली, त्यामुळे आई म्हणते, "हे लोक बाटवतील." त्याला वेगळीच धास्ती, आत ओळखीचं कुणी निघालं तर? मी न्यू जर्सीहून रोज फोन करून विचारते, "गेलास का?" आता तो फोनच उचलत नाही. काय करू?

— एक सभासद

---

ताई,

नाव घालत नाही, जुने लोक ओळखतील. मी ९ वर्षं आपल्या मंडळात होतो, आता दादरला असतो.

मी स्वतः तीनदा दारातून परतलोय. चौथ्या खेपेला एक वयस्क गृहस्थ दाराशी उभे होते. "या, चहा घ्या," एवढंच म्हणाले. नाव नाही विचारलं, किती पितोस नाही विचारलं. माझे हात थरथरत होते, म्हणून कप अर्धाच भरून दिला. सांडू नये, चारचौघांत लाज वाटू नये म्हणून. त्या अर्ध्या कपासाठी मी पुढच्या आठवड्यात परत गेलो.

आज आमच्या ग्रुपमध्ये ते काम माझ्याकडे आहे. वीस मिनिटं आधी फाटकाशी उभा राहतो. नवा माणूस लगेच कळतो: पुढे निघून जातो, पानाच्या टपरीपाशी थांबतो, पुन्हा येतो. त्याला धावत जाऊन गाठायचं नाही, नुसतं नजरेला नजर द्यायची. आत बोलायची सक्ती नसते. फी नसते. अट एकच, दारू सोडायची इच्छा. जुन्यांना मी बजावतो की पहिल्याच दिवशी दारू सोडण्याच्या आपल्या बाराच्या बारा पायऱ्या त्याला ऐकवू नका, आपली सगळ्यात वाईट रात्र सांगा. निघताना दोघातिघांचे नंबर कागदावर देतो. त्याने आपला दिला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन करतो. कामावरून सुटायची वेळच घातकी असते.

चर्चची नुसती जागा असते. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला सुरू झालेलं हे काम कुठल्याच धर्माशी बांधलेलं नाही. आईंना ओपन मीटिंगला आणा, तिथे घरच्यांना बसता येतं.

एक मात्र कळकळीने सांगतो. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर दोनतीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. आधी केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, लालबागहून जवळच आहे. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

आणि फोनवर "गेलास का" नको. "जेवलास का" विचारा. तुमच्यासाठी अल्-अ‍ॅनॉन आहे, पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट. तुम्हीही खूप सोसलंय.

---

दादा,

काल केईएमला जाऊन आला, गोळ्या दिल्यात. तुमचा मेल मी फोनवर वाचून दाखवला. अर्ध्या कपापाशी आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादरला फाटकाशी उभे असतात, ते ओळखायचे कसे, विचार."

---

ताई, आकाशी शर्ट, हातात स्टीलचा थर्मास. गुरुवारी सव्वासहापासून उभा आहे. उशीर झाला तरी येऊ दे.