मदत हवी आहे: बक्षिसाशिवाय मुलांना घरकामात कसं घ्यावं?

मुलगी ६ वर्षांची, मुलगा ४ चा. मोज्यांच्या जोड्या लावणं, ताटं मांडणं, आजीला पाणी नेऊन देणं, एवढं दोघांनाही जमतं. मी स्टिकरचा तक्ता लावला होता, आता थोरली आजीला पाणी देण्याआधीही "मला काय मिळेल?" विचारते. हे मला फार लागतं. मानसशास्त्रज्ञ वार्नेकेन आणि टोमासेलो यांच्या २००८ च्या प्रयोगात बक्षीस मिळालेली २० महिन्यांची मुलं पुढे कमी मदत करू लागली होती, त्यामुळे तक्ता काढला. धाकटा आनंदाने करतो, थोरली अडून बसते. सोबत काम करून पाहिलं, ती मधेच उठते. ओरडायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. वेळ फक्त संध्याकाळचा. बक्षिसाची सवय लागलेल्या मुलीला दुसऱ्याची गरज आपणहून दिसू लागावी, यासाठी तुमच्याकडे नेमकं काय उपयोगी पडलं?