प्राग, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ: काय पाहिलंत, काय सोडलंत?

नमस्कार मंडळी,

न्युरेंबर्गला राहायला आल्यापासून ओळखीपाळखीतून एकच प्रश्न सारखा येतो: 'दोन दिवसांत प्राग होतं का गं?' बसने साधारण चार तास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं आणि रविवारी रात्री घरी, असा बेत इथले बरेच जण करतात. मी तीनदा केला. पहिला पार फसला. तो कसा फसला ते आधी सांगते, कारण तीच चूक इतरांकडून होतानाही पाहिली आहे.

शनिवारी सकाळी मी योसेफोव्हला, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत गेले. शनिवार हा शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. ज्यू संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), जुनी दफनभूमी, सगळं बंद. रविवारी सकाळी किल्ल्यावर चढले, तर तिथल्या सेंट व्हिटस कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू होती आणि पर्यटकांना बारानंतर प्रवेश होता. माझी बस एकची. १३४४ साली पाया घातलेली आणि १९२९ साली पुरी झालेली ती वास्तू मी बाहेरूनच पाहून परतले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: शनिवारी किल्ला, रविवारी योसेफोव्ह. किल्ल्यासाठी २२ नंबरची ट्राम घेऊन थेट वर जायचं आणि पायी उतरत माला स्त्रानात, म्हणजे किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत यायचं. कॅथीड्रलमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला अल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची रंगीत काचेची खिडकी आहे. सकाळी तिथे गर्दी कमी असते, तेव्हा तिच्यासमोर वेळ काढा.

तुम्ही कसा बेत आखलात, काय वगळलंत, कुठे अडलात ते सविस्तर लिहा. हॉटेलांच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात.


ड्रेस्डेनहून, विद्यार्थी

ट्रेनने अडीच तासांच्या आसपास लागतात. जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची. एल्ब नदी बराच वेळ सोबत असते आणि सीमेजवळचे वालुकाश्माचे कडे त्या बाजूने दिसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईलवर स्थळांच्या याद्या करत बसलो आणि अर्ध्या दरीत मान वरच केली नाही. याचं अजून वाईट वाटतं.

आता पैशांचं. चेक लोकांचं चलन कोरुना. एका युरोला २४-२५ कोरुना मिळायला हवेत. जुन्या शहरात एका दुकानाच्या पाटीवर 'कमिशन नाही' असं मोठ्या अक्षरांत होतं. मी दोनशे युरो दिले आणि हातात आलेल्या नोटा मोजल्यावर पोटात गोळा आला. वसतिगृहातल्या एका मुलीने सांगितलं की २०१९ पासून तिथे नियम आहे: पावती असेल तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, एक हजार युरोपर्यंत. मी धावत परत गेलो, पावती पुढे केली आणि नियम सांगितला. त्यांनी कुरकुर केली, पण पैसे परत दिले. पावती न घेता खिडकीपासून हलू नका. एटीएमने 'युरोमध्ये रूपांतर करू का' असं विचारलं, तर नाही म्हणा. कोरुनातच काढा.


म्युनिकहून, आईबाबांसोबत

आईबाबा वाईहून तीन महिन्यांसाठी आले होते. बाबा ७१ वर्षांचे, आईचे गुडघे दुखरे. त्यामुळे किल्ला आतून पाहायचा नाही हे मी निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. मित्रांनी वेड्यात काढलं. पण त्या दोन दिवसांत आमचा जो वेळ सत्कारणी लागला, तो ओर्लोयसमोर, म्हणजे जुन्या नगरभवनावरच्या खगोलीय घड्याळासमोर.

हे घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात, त्यासाठी लोक दाटीवाटीने उभे राहतात आणि मिनिटभरात पांगतात. आम्हीही तेवढं पाहून निघणार होतो. बाबा हलेनात. घरी दाते पंचांग रोज उघडणारा माणूस तो. तबकडीवरचं राशींचं कडं त्यांनी ओळखलं होतं, सोनेरी सूर्य आणि चंद्राचा गोळाही सापडला होता. मे महिन्याचा पहिला शनिवार. बाबा म्हणाले, 'अरे, आज सूर्य मेषेत आहे. हे तर वृषभ दाखवतंय.' मी म्हटलं, जुनं यंत्र आहे, चुकत असेल. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, 'चुकत नाहीये. हे सायन आहे. आपलं निरयन.' मग समोरच्या बाकावर बसून त्यांनी मला दोन्ही गणितं समजावली. वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून, रास मोजली तर सायन, ताऱ्यांच्या स्थिर चौकटीवरून मोजली तर निरयन, आणि आज दोहोंत साधारण २४ अंशांचं अंतर. मी इंजिनिअर आहे, पण हे मला आजवर कुणी असं समोर यंत्र ठेवून सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे आहेत. तो जुना चेक काळ. त्यात दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणून ते कडं वर्षभर मागेपुढे सरकत राहतं. बाबांना हे फार आवडलं. 'आपला वार सूर्योदयाला बदलतो, यांचा सूर्यास्ताला,' असं ते आईला तीनदा म्हणाले.

वयस्करांसाठी दोन गोष्टी. एक, पासष्टी ओलांडलेल्यांना शहरातल्या ट्राम-मेट्रोत तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा जवळ हवा. बाबांचा पासपोर्ट मी खिशातच ठेवला होता. दोन, नामेस्ती मीरू स्टेशनचा सरकता जिना टाळा. तो ८७ मीटर लांब आहे आणि आपल्या सवयीपेक्षा वेगाने चालतो. आई मध्यावर माझा दंड घट्ट धरून डोळे मिटून उभी होती. नंतर आम्ही फक्त ट्रामने फिरलो.

जेवणासाठी तळलेलं चीज, म्हणजे स्माझेनी सीर, आणि बटाटे. एकदा ठीक आहे. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती.


लीड्सहून

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनच्या व्हिसावर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, जाता येत नाही. फक्त प्रागला जाणार असाल तर अर्ज चेक प्रजासत्ताकाकडेच करावा लागतो. सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही पाच आठवडे हातात ठेवले होते आणि व्हिसा केंद्रात भेटीची वेळच मिळाली नाही. विमानाची तिकिटं गेली, लग्नाचा वाढदिवस घरी झाला. बायकोने काही बोलून दाखवलं नाही, पण मला ते अजून टोचतं. पुढच्या वेळी आधी भेटीची वेळ, मग विमान. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमाही लागतो.

एप्रिलमध्ये गेलो अखेर. विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस आणि पुढे मेट्रोची ए (A) लाइन, टॅक्सीची गरज पडली नाही.


बर्लिनहून, दीड वर्षाच्या मुलासोबत

बाबागाडी न्यायची असेल तर मोठ्या चाकांची न्या. सगळीकडे दगडी फरसबंदी, बाळ झोपलेलं असलं तरी उठतं. दुसऱ्या दिवशी मी बाळाला पाठीशी बांधलं आणि गाडी हॉटेलातच ठेवली. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. बाळाला सांभाळण्याच्या नादात आम्ही विसरलो आणि दंड भरला.


व्हिएन्नाहून, नाटकवेडी

मी बेत उलटा आखते. शनिवारी संध्याकाळी सातचं नाटक किंवा ऑपेरा आधी ठरवायचं, बाकी दिवस त्याच्या भोवती. त्यामुळे दुपारी चारला आपोआप पाय थांबतात, अंघोळ होते, नीट कपडे घालून बाहेर पडता येतं.

प्रागमध्ये नारोद्नी दिवाद्लो, म्हणजे राष्ट्रीय नाट्यगृह, नदीकाठी आहे. चेक भाषेत नाटक व्हावं म्हणून लोकांनी वर्गणीतून बांधलेलं. १८८१ च्या जूनमध्ये उघडलं आणि ऑगस्टमध्ये आगीत गेलं. लोकांनी ४७ दिवसांत पुन्हा पैसे उभे केले आणि १८८३ च्या नोव्हेंबरात संगीतकार स्मेतानाच्या 'लिबुशे' या ऑपेराने पडदा पुन्हा वर गेला. रंगमंचाच्या माथ्यावर दोनच शब्द आहेत: 'नारोद सोब्ये'. राष्ट्राने स्वतःलाच दिलेलं, असा अर्थ. मी पुण्याची. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात १८८० साली उभं राहिलं, म्हणजे अगदी त्याच वर्षांत आपल्याकडेही लोक आपल्या भाषेत गाऊन नाटक करू लागले होते. सगळ्यात वरच्या सज्जात बसून ते दोन शब्द वाचताना मला भरून आलं.

पूर्वतयारी काही लागत नाही. वरच्या सज्जातली तिकिटं स्वस्त असतात आणि भाषांतराच्या ओळी इंग्रजीतही दिसतात.


ॲम्स्टरडॅमहून

डिसेंबरात एकटी गेले होते. चार्ल्स पूल रिकामा हवा तर पहाटे उठा असं सगळे सांगतात. पण डिसेंबरात सूर्यच आठच्या सुमाराला उगवतो. साडेसातला निघाले, पुलावर दहाएक माणसं असतील. १३५७ साली राजा चौथ्या कार्लच्या काळात सुरू झालेला हा पूल, त्यावर तीस पुतळे, सगळे धुक्यात. दुपारी तिथूनच पुन्हा गेले तेव्हा कठड्यापर्यंत पोचता आलं नाही. साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे हिवाळ्यात टेकड्या आणि बागा सोडून द्या.


कोल्हापूरची, सध्या लेकीकडे लाइपझिगला

मी २६ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. वर लिहिल्याप्रमाणे आम्ही योसेफोव्ह रविवारी ठेवलं, म्हणून हे लिहू शकते आहे. धागा काढणारीचे आभार, तिने लेकीला आधीच सांगितलं होतं.

पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छळछावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाच्या चित्रकर्तीने त्यांना तिथे शिकवलं. ती बाउहाउस या जर्मनीतल्या नावाजलेल्या कलाशाळेत शिकलेली. १९४४ साली आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेण्याआधी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली, म्हणून चित्रं वाचली. ती स्वतः वाचली नाही. तिने मुलांना चित्रावर नाव घालायला लावलं होतं. मीही वर्गात तेच सांगायची, खाली उजव्या कोपऱ्यात नाव घाला. त्या चित्रांत घरं आहेत, फुलं आहेत, जेवणाचं मांडलेलं टेबल आहे. वर्गातला अभ्यास मला लगेच ओळखू आला: एकाच वस्तूकडे बघून सगळ्यांनी काढलेलं, आणि प्रत्येकाची रेघ वेगळी.

लेकीने दुपारी नदीतल्या बोटीचा बेत केला होता. तो रद्द केला. तिकिटावर बाकीची सिनेगॉगही होती, तीही सोडली.

खालच्या मजल्यावर भिंतींवर नावं आहेत, मारल्या गेलेल्या बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची. गावागणिक, आडनाव, नाव, जन्मतारीख, आणि जिवंत असल्याची शेवटची तारीख. सगळं हाताने लिहिलेलं. एकदा लिहिलेली ही अक्षरं पुढे नष्ट झाली आणि १९९० नंतर पुन्हा लिहावी लागली. अक्षरलेखन शिकवलेलं असल्याने एवढं लिहायला हात किती दुखला असेल याची मला कल्पना आहे.

नऊला उघडतं. नऊलाच जा. साडेदहाला गट येऊ लागले तेव्हा मी अजून पहिल्याच भिंतीशी होते.