रांग आहेच कुठे?

बेकायदा अमेरिकेत राहणाऱ्यांना "रांगेत उभं राहून यावं ना" असं लोक म्हणतात, पण फिलिपिनो माणसासाठी अमेरिकन नागरिक असलेल्या सख्ख्या भावानं अर्ज केला तरी ग्रीनकार्डचा नंबर लागायला 20 वर्षांवर जातात हो, तोवर पोरांची लग्नं होतात. मग टुरिस्ट व्हिसावर येऊन मुदत संपली तरी राहतात, त्याला त्यांच्यात नावच आहे टीएनटी, तागो नांग तागो, म्हणजे सतत लपत राहणं. फिलिपिनो पत्रकार होजे अँतोनियो व्हार्गास 1993 ला अमेरिकेत आला तेव्हा 12 वर्षांचा, 16व्या वर्षी सायकल मारत लायसन्स काढायला गेला तर काउंटरवरची बाई हळूच म्हणाली तुझं ग्रीनकार्ड खोटंय, परत येऊ नकोस. पोराला पत्ताच नव्हता!! आणि 1996 च्या कायद्यानं वर्षभर बेकायदा राहून अमेरिका सोडली की परत यायला 10 वर्षं बंदी, म्हणून आईच्या मयतालाही जाता येत नाही, नुसते खोके भरभरून साबण, कॉफी घरी पाठवत राहतात.