उन्हाची छत्री: कोणती घ्यावी, घरातली काळी चालेल का?

पानगळ:
रोज भर दुपारी वीसेक मिनिटं चालायचं असतं. टोपीत डोकं घामाने भिजतं, म्हणून छत्री. पावसाळ्यातली काळी घडीची चालेल की वेगळी घ्यावी? पिशवीत मावायला हवी.

आठकाडी:
आधी काळीच वापरून बघा. गडद रंगाचं, घट्ट विणीचं पॉलिएस्टर अतिनील किरण चांगले अडवतं. लेसची पांढरी छत्री दिसते गोड, पण विणीतून ऊन गळतं. छत्री उघडून दिव्यासमोर धरा. घडीच्या रेषेवर टाचणीएवढे ठिपके चमकले, तर आतला लेप तडकलाय.

नवी घेतलीत तर लेबलवर 'यूपीएफ ५०+' बघा. म्हणजे कापडातून जास्तीत जास्त २ टक्के अतिनील किरण आरपार जातात. नुसतं 'यूव्ही' आणि शेजारी हसरा सूर्य छापलेला असेल, तर त्यावरून काही कळत नाही. आणि हा आकडा कापडाचा, तुमच्या चेहऱ्याचा नव्हे! आकाशातून विखुरलेले किरण बाजूने येतात, जमिनीवरूनही उसळतात. कोरडी वाळू साधारण १५ टक्के परत फेकते. म्हणून बाहेरून चंदेरी, आतून काळी छत्री घ्या. चंदेरी बाजू आत असली की खालून आलेला उजेड थेट तोंडावर येतो. सनस्क्रीन सोडू नका.

तिरपी_मूठ:
मापात फसू नका. '५५ सेंमी' म्हणजे बहुतेकदा काडीची लांबी. उघडल्यावर अशी छत्री ९५ सेंमीच्या आसपास भरते, एका माणसाला पुरे. काड्या फायबरग्लासच्या घ्या. वाऱ्याने उलटल्या तरी लवून जागेवर येतात. अ‍ॅल्युमिनियमची एकदा वाकली की वाकलीच. तीन घड्यांची पिशवीत सहज मावते, पण सांधे जास्त आणि लेपही घडीवरच आधी तडकतो. जागा असेल तर दोन घड्यांची घ्या.

पानगळ:
काळी वापरली. सावली मिळते, पण डोक्याला धग लागते.

आठकाडी:
फार खाली धरताय. काळं कापड तापतं आणि ती उष्णता खाली सोडतं. कापड आणि डोकं यांत वीतभर अंतर ठेवा, मधून हवा खेळली पाहिजे. हवेचं तापमान छत्रीने उतरत नाही, थेट ऊन तेवढं थांबतं.

तिरपी_मूठ:
आणि जमिनीकडे बघा. डोकं आणि खांदे छत्रीच्या सावलीत दिसले की कोन बरोबर. डोक्यावर सूर्य असताना दांडा उभा, ऊन कललं की सूर्याकडे तिरपा. सगळेजण सवयीने खांद्यावर टेकवतात, मग तोंड उन्हातच.

मधुमालती:
बटणाने उघडणारी आणि मिटणारीही घ्यावी का?

तिरपी_मूठ:
हातात सामान असेल तर सोय आहे. पण बटण दाबल्यावर फक्त कापड मिटतं, दांडा आपणच रेटून आत घालायचा, 'टक्' होईपर्यंत. अर्ध्यावर सोडला तर स्प्रिंगच्या जोराने मूठ उसळते. तोंडापासून लांब धरून मिटा.

आठकाडी:
काडीच्या टोकावरून कापड सुटलं तर छत्री टाकू नका. टोकाच्या टोपीला भोक असतं, त्यातून नायलॉनच्या दोऱ्याचे चार-पाच वेढे घेऊन गाठ मारा. गोंद लावू नका, कापड ताणलं की सुटतो.