मदत हवी आहे: कॅन्सर झालेल्या विशी-तिशीतल्या मुलांचा एखादा गट माहीत आहे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला (वय २४) हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे. दर पंधरा दिवसांनी एबीव्हीडी ही चार औषधांची किमो चालू आहे. दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन चांगला आला. या आजारातले बहुतेक तरुण पेशंट बरे होतात, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलंय. त्यामुळे औषधं, काढे, डाएट कृपया सुचवू नका.

मला त्याच्यासाठी सोबत हवी आहे.

सुरुवातीला परळला टाटामध्ये दाखवत होतो, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे त्याला जळगावकडचा एक मुलगा भेटला. हाडाचा कॅन्सर, वय साधारण ह्याच्याएवढंच. रात्री जेवणं झाली की दोघं पत्ते कुटायचे आणि आम्हा घरच्यांच्या अंगावर काटा येईल असले विनोद करायचे. ॲड्रियामायसिन हे लाल औषध दोघांच्याही किमोत होतं, त्याचं नाव 'कोकम सरबत'. ते चढलं की पुढे लघवीही लाल होते. तशी झाली की एकमेकांना मेसेज : 'पावती मिळाली.' केस गळायला लागल्यावर हा न्हाव्याशी भाव करत बसला, अर्धंच डोकं उरलंय तर अर्धेच पैसे घ्या! त्या दिवसांत मळमळ असूनही दोन घास जास्त जायचे त्याला.

आता किमो गावाजवळच्या शहरात घेतो. तो मुलगा त्याच्या घरी गेला, फोन होतात पण कमी. इथले मित्र येतात ते सुतकाला आल्यासारखे बसतात. ह्याने काही विनोद केला की आई डोळ्यांना पदर लावते, आत्या म्हणते, "शुभ बोल रे नाऱ्या." मग तो गप्प होतो आणि मोबाईल घेऊन आत जातो. आईला तरी काय बोलणार? तिच्या पोटचा गोळा आहे तो.

हे नुसतं करमणुकीसाठी विचारत नाहीये. किमो सुरू होण्याआधी डॉक्टरांनी वीर्य गोठवून ठेवायचं का विचारलं, तेव्हा खोलीत बाबा, मामा आणि मी होतो. सगळे जमिनीकडे बघत राहिलो. तो "बघू" म्हणाला आणि विषय तिथेच थांबला. त्या रात्री तो त्या मुलाशी बोलला. आधी दोघं पोट धरून हसले, मग नीट सगळं बोलले आणि दुसऱ्या दिवशी ह्याने स्वतः जाऊन डॉक्टरांना होकार दिला. लग्न, नोकरी, परत आजार उलटला तर, हे तो आमच्याशी कधीच बोलणार नाही. बरोबरीच्या, त्यातून गेलेल्या माणसाशीच बोलेल.

इंडियन कॅन्सर सोसायटीच्या 'उगम' गटाबद्दल वाचलं, पण तो लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांचा आहे. बाकी जे गट सापडले त्यांत बहुतेक जण आई-बाबांच्या वयाचे. हास्यक्लबही कुणीतरी सुचवला. पण त्याला हात वर करून हसायचं नाहीये, स्वतःच्या आजारावर मोकळेपणी बोलायचं आहे. पंधरा ते चाळीस वयाच्या पेशंटांचा, शक्यतो मराठी बोलणारा गट कुणाला माहीत आहे का? ऑनलाइन असेल तर उत्तम, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट कमी असतात तेव्हा गर्दीत नेता येत नाही.

आणि जे स्वतः ह्यातून गेलेत त्यांना विचारते : तुम्ही विनोद करायचात तेव्हा घरच्यांनी काय केलेलं बरं वाटायचं? मी सोबत हसते, पण रात्री दोन वाजता त्याच्या खोलीत उजेड दिसतो. तेव्हा आत जाऊन बसावं, की त्याला एकटं सोडावं?

इथे उत्तर देणं अवघड वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या घरचं कुणी ह्या संस्थळावर नाही, मोकळेपणाने लिहा.